उडी कुणी मारली?

नवा जेम्स बाँड कोण होणार, यावर गेल्या काही वर्षांत जेवढा खल झाला, तेवढा आपल्याकडे मुलीसाठी स्थळ बघतानाही होत नसेल. उंची किती, डोळे कोणत्या रंगाचे, वय काय, पुढची दहा-बारा वर्षे टिकेल ना! २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये डॅनियल क्रेगचा बाँड मेला आणि तेव्हापासून जगभरचे चाहते जावई शोधायला निघाले. मग २०२५ च्या फेब्रुवारीत घराच्या किल्ल्याच दुसऱ्याकडे गेल्या. ज्या ब्रोकोली कुटुंबाने साठ वर्षे हे चित्रपट काढले, त्यांनी कलाविषयक सगळी सूत्रे अॅमेझॉन एमजीएम या कंपनीच्या हाती दिली. पाठोपाठ एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन हे निर्माते, डेनी विल्नव्ह हा दिग्दर्शक आणि स्टीव्हन नाइट हा लेखक अशी नावे जाहीर झाली.

या वधूवर-सूचक मंडळात मी भाग घेत नाही. बाँड कुणीही होवो; सूट शिवून घेतला की माणूस निम्मा बाँड होतोच. मला पडलेला प्रश्न जरा खालच्या दर्जाचा आहे. नव्या चित्रपटात उडी कोण मारणार?

आमच्या पिढीने बाँडपट कधी नावाने लक्षात ठेवलेच नाहीत. एक तर ते इंग्रजी नाव पाठ व्हायचे नाही, आणि गोष्ट तर बहुतेकदा डोक्यावरून जायची. कोण कुणाचा हेर, सोने कुणाचे, अणुबाँब कुणी चोरला, याचा पत्ता मध्यंतरापर्यंत लागत नसे. लक्षात राहायची ती हाणामारी आणि धाडसे. ‘तो मगरींच्या पाठीवरून पळतो तो’, ‘गाडी हवेत गिरकी घेते तो’, ‘कड्यावरून उडीवाला’ अशी त्या चित्रपटांची आमच्यातली नावे होती. पुण्यात इंग्रजी चित्रपट म्हणजे अलका टॉकीज. विलायतेत लागलेला चित्रपट आपल्याकडे यायला पुष्कळ वेळ लागे, पण त्यातल्या उड्यांची वर्णने आधी येऊन पोचायची. मुंबईला आत्येभावाकडे जाऊन आलेला एखादा वर्गमित्र शाळेच्या कट्ट्यावर दोन्ही हात पसरून ती उडी करून दाखवायचा. तो आमचा ट्रेलर!

त्यातला ‘कड्यावरून उडीवाला’ म्हणजे १९७७ चा ‘द स्पाय हू लव्हड मी’. पिवळ्या कपड्यातला बाँड बर्फावरून स्की करत सुसाट येतो. मागे मारेकरी. पुढे कडा, आणि कड्यापुढे काहीच नाही. तो थांबत नाही. माणूस हवेत जातो आणि त्या क्षणी पार्श्वसंगीत बंद पडते. पायातल्या स्की सुटतात, तो खाली जातो, आणखी खाली जातो, लहान होत जातो, आणि बराच वेळ काहीही होत नाही. थिएटरात कुणी खोकतसुद्धा नव्हते. मग पॅराशूट उघडते आणि त्यावर ब्रिटनचा भलामोठा झेंडा! ज्यांना घालवण्यासाठी आमच्या आजोबांनी तुरुंग पाहिला, त्यांच्या झेंड्याला अलका टॉकीजमध्ये पुणेकरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

ती उडी रॉजर मूरने मारली नव्हती, हे तेव्हाही कळत होते. ती मारली रिक सिल्व्हेस्टर या अमेरिकी गिर्यारोहकाने, कॅनडाच्या उत्तरेकडल्या बॅफिन बेटावरच्या माउंट अॅसगार्ड या डोंगरावरून. आधी चांगल्या हवेची वाट पाहत सगळी मंडळी थांबून राहिली. उडी एकदाच झाली आणि लावलेल्या कॅमेऱ्यांपैकी एकानेच ती नीट टिपली. सुटलेली एक स्की पॅराशूटला चाटून गेली. कापडात जराशी अडकली असती, तर झेंडा उघडला नसता. हे सगळे मी पुष्कळ वर्षांनी वाचले. पण वाचण्याआधीही, शाळेतल्या पोराच्या पोटात जो गोळा आला होता, त्याला खरे-खोटे नक्की कळले होते.

‘मगरींच्या पाठीवरून’ची कथाही अशीच. १९७३ च्या ‘लिव्ह अँड लेट डाय’साठी जमैकातल्या मगर-शेतीचा मालक रॉस कनांगा स्वतः बाँडचे बूट घालून पाण्यातल्या मगरींच्या पाठीवर पाय देत पलीकडे पळाला. पाचव्या प्रयत्नात जमले. तोवर मगरींनाही काय चालले आहे ते कळले होते, आणि एकीने बुटाचा चावा घेतलाच. चित्रपटातल्या खलनायकाला निर्मात्यांनी त्याचेच आडनाव दिले. आपल्याकडे कुणाला असा मान मिळाला असता तर त्याने मानहानीचा दावा लावला असता.

आता चाहत्यांची आजची काळजी काय, तर कॉम्प्युटर. हा शब्द निघाला की आमची मंडळी नाक मुरडतात. पण ‘गाडी हवेत गिरकी घेते तो’, म्हणजे १९७४ चा ‘द मॅन विथ द गोल्डन गन’, त्यातली ती गिरकी कॉम्प्युटरचीच देणगी होती. थायलंडमध्ये एका कालव्यावर मोडक्या पुलाच्या मिषाने दोन पिळदार उतार बांधले. गाडी एकावरून सुटायची, हवेत स्वतःभोवती एक पूर्ण फेरी घ्यायची आणि पलीकडे चार चाकांवर उतरायची. गाडीचे वजन किती, वेग किती, उताराला पीळ किती, हे सारे गणित अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने कॉम्प्युटरवर मांडले होते. वजन समतोल राहावे म्हणून चालकाला गाडीच्या मधोमध बसवले. एका झटक्यात, पहिल्याच खेपेला, गाडी पलीकडे. (त्यावर संगीतकाराने जत्रेतल्या पिपाणीसारखा ‘फुर्रर्र’ असा आवाज टाकला आणि विनोद केला. जॉन बॅरीसारख्या थोर माणसालाही पुढे त्याचा पश्चात्ताप झाला. आम्ही अजून माफ केलेले नाही.)

म्हणजे त्या वेळी कॉम्प्युटरने माणसाला सांगितले, ‘अमुक वेगाने जा, वाचशील.’ २००२ च्या ‘डाय अनदर डे’मध्ये त्याने सांगितले, ‘तू घरीच थांब, मी बघतो.’ त्यात बर्फाचा कडा कोसळतो, समुद्राची राक्षसी लाट उठते आणि बाँड एका फळीवर उभा राहून, पॅराशूट धरून त्या लाटेवरून घसरत जातो. लाट खोटी, फळी खोटी, आणि माणूस तर सगळ्यात खोटा. पियर्स ब्रॉस्नन हा भला नट, त्याचा यात काही दोष नाही. पण थिएटरात लोक हसले. बाँडच्या विनोदाला हसणे वेगळे आणि बाँडला हसणे वेगळे. १९९५ च्या ‘गोल्डनआय’मध्ये याच ब्रॉस्ननच्या नावावर स्वित्झर्लंडमधल्या व्हेरझास्का धरणाच्या २२० मीटर उंच भिंतीवरून दोरीला बांधलेला एक माणूस खाली झेपावला होता. तो माणूस वेन मायकेल्स. सात वर्षांत आम्ही धरणावरून या फळीवर आलो, म्हणून राग जास्त.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. एका रविवारी जेवणानंतर मी त्याला ती १९७७ ची उडी टीव्हीवर दाखवली. आडवा पडून पाहत होता. म्हणाला, “मस्त केलंय, मामा. तेव्हा एवढं सॉफ्टवेअर होतं?”

मी त्याला डोंगराचे नाव सांगितले, माणसाचे नाव सांगितले, स्की पॅराशूटला घासली ते सांगितले. त्याने माझ्या हातून रिमोट घेतला, चित्र मागे नेले आणि पुन्हा पाहिले. या खेपेला उठून बसून. मग त्या स्कीच्या जागी थांबवून पाहिले. मग आईला हाक मारली, “आई, इकडे ये, हे खरं आहे!”

चित्र तेच होते. एक ठिपकाही बदलला नव्हता. पण त्या पोराच्या पिढीने पडद्यावर एवढे डोंगर कोसळताना आणि एवढी शहरे बुडताना पाहिली आहेत की खरेही तिला आधी खोटेच वाटते. नव्या चित्रपटाबद्दलची माझी मोठी धास्ती ही आहे. समजा, त्यांनी खरोखरच कुणाला कड्यावरून उडी मारायला लावली. ती खरी आहे, हे सांगणार कोण?

यावर टॉम क्रूझने उपाय काढला, आणि तो मला आजाराहून वाईट वाटतो. ‘मिशन: इम्पॉसिबल’ मालिकेत हा गृहस्थ स्वतःच उड्या मारतो, त्याबद्दल त्याला दंडवत. २०११ च्या चित्रपटासाठी तो दुबईच्या बुर्ज खलिफाला बाहेरून लोंबकळला, पुढे लंडनच्या गच्च्यांवर उडी मारताना घोटा मोडून घेतला. २०२३ च्या ‘डेड रेकनिंग’साठी त्याने नॉर्वेतल्या एका कड्यावरून मोटारसायकलसकट स्वतःला झोकून दिले. पण ते खरे आहे हे लोकांना पटावे म्हणून चित्रीकरणाची सारी हकीकत, उतार कसा बांधला, सराव कसा केला, उडी कशी झाली, हे २०२२ च्या डिसेंबरातच जगाला दाखवून टाकले. चित्रपट आला जुलैत. तोवर ती उडी मी निदान दहा वेळा पाहिली होती. थिएटरात तो कड्याच्या टोकाशी आला तेव्हा शेजारचा गृहस्थ बायकोला सांगत होता, “आता बघ, गाडी सोडून देतो.” लग्नात नवरदेवाला आधीच मुंडावळ्या बांधून गावभर फिरवावे, तसे झाले.

खरे असून भागत नाही, ते नीट दिसावेही लागते. २००६ च्या ‘कॅसिनो रॉयल’च्या वेळी चाहत्यांनी केवढा गहजब केला होता! बाँड सोनेरी केसांचा कसा, हा तर पोस्टमनसारखा दिसतो, बहिष्कार टाका. आणि मग चित्रपटाच्या सुरुवातीलाच तो पाठलाग आला. पुढे पळणारा सेबास्तियन फुकाँ हा फ्रेंच धावपटू. भिंतीवरून, क्रेनवरून, तुळईवरून असा जातो की माकडाने गुरू करावा. एका ठिकाणी तो भिंतीतल्या वरच्या अरुंद खिडकीतून सुळकन पलीकडे उडी घेतो. मागून येणारा बाँड ती भिंतच फोडून आरपार जातो. एक शब्द न बोलता कळले की हा नवा बाँड म्हणजे रेडा आहे, मोकळा सुटलेला आहे आणि थांबणार नाही. बहिष्कारवाले गप्प झाले. त्याच चित्रपटात गाडी उलटण्याच्या प्रसंगी अॅस्टन मार्टिन काही केल्या उलटेना, एवढी ती रस्त्याला धरून चालणारी. शेवटी गाडीच्या पोटात हवेच्या दाबाची तोफ बसवली, आणि अॅडम कर्ली या चालकासकट ती सात वेळा कोलांटली. त्या सात कोलांट्यांचा विक्रम नोंदला गेला.

दोनच वर्षांनी ‘क्वांटम ऑफ सोलेस’ने मात्र हाती आलेले घालवले. इटलीतल्या रस्त्यावरचा खराखुरा पाठलाग, खऱ्या गाड्या, खरे बोगदे, आणि संकलकाने त्याची अशी कोथिंबीर चिरली की कोणती गाडी कुणाची ते कळेना. या पाठलागाच्या चित्रीकरणात एक स्टंट चालक गंभीर जखमी झाला होता. ज्यासाठी माणूस इस्पितळात गेला, ते पडद्यावर धड दिसूही नये, याचा मला फार राग येतो.

म्हणूनच विल्नव्हचे नाव ऐकून मी खूश झालो. हा कॅनडातल्या क्वेबेकचा माणूस घाई करत नाही. ‘ड्यून’चे अफाट वाळवंट बहुतेकांनी पाहिले असेल, पण बाँडसाठी मला त्याचा २०१५ चा ‘सिकारिओ’ महत्त्वाचा वाटतो. मेक्सिकोतून अमेरिकेत येणाऱ्या सीमेवर गाड्यांची रांग तुंबलेली आहे. आपल्या मुंबई-पुणे रस्त्यावर सुट्टीत तुंबते तशीच. बाजूच्या गाड्यांत बंदूकवाले बसलेत. कुणी हलत नाही. काचेआडून एकमेकांकडे बघतात. आपण घामाघूम होतो. प्रत्यक्ष गोळीबार काही सेकंदांत संपतो. कोण कुठे आहे, कुणाच्या हातात काय आहे, दार कुठले उघडले, हे सगळे आपल्याला स्वच्छ दिसलेले असते. अशा माणसाच्या हातात कडा, दोरी आणि उडी द्यावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती.

पण धास्तीही त्याच्याचबद्दल आहे. हा गृहस्थ हसत नाही. त्याच्या चित्रपटांत माणसे अशा चेहऱ्याने वावरतात की घरी नुकतेच काही वाईट घडले असावे. आणि बाँडला थोडा चावटपणा हवाच. १९८३ चा ‘ऑक्टोपसी’ आठवा. उदयपूरच्या गल्लीबोळांत रिक्षाचा पाठलाग, रिक्षा चालवणारा आपला विजय अमृतराज. हाणामारीत तो टेनिसची रॅकेट काढतो आणि बघ्यांच्या माना सामन्यासारख्या डावीकडून उजवीकडे फिरतात. बाँड तलवार गिळणाऱ्याच्या तोंडातून तलवार उपसतो, एकाला खिळ्यांच्या खाटेवर फेकतो. परदेशी माणसाला हिंदुस्थान म्हणजे अजून हेच दिसते, म्हणून तेव्हा आमचे मास्तर रागावले होते. ते बरोबरच होते. तरी आम्ही हसलो, आणि अजूनही हसतो.

त्याच चित्रपटाची दुसरी बाजू पडद्यावर नाही. त्यात धावत्या आगगाडीला बाहेरून लोंबकळणारा बाँड म्हणजे मूरचा डुप्लिकेट मार्टिन ग्रेस. इंग्लंडमधल्या नीन व्हॅली रेल्वेवर चित्रीकरण चालू असताना गाडी ठरल्यापेक्षा पुढे, न तपासलेल्या टप्प्यात गेली आणि बाहेर लटकलेला ग्रेस रुळालगतच्या बांधकामावर आदळला. कमरेचे हाड मोडले. कितीतरी महिने तो इस्पितळात होता, आणि बरा होऊन पुढच्या बाँडपटात पुन्हा कामावर आला! त्याआधी १९८१ साली ‘फॉर युअर आइज ओन्ली’च्या चित्रीकरणात बर्फावरच्या घसरगाडीखाली सापडून एक तरुण स्टंटमन मेला. आणि हे जुन्या काळातले म्हणून सोडून देता येत नाही. २०२५ च्या जुलैत तमिळनाडूत एका चित्रपटासाठी गाडी उलटवण्याचे दृश्य घेताना एका अनुभवी स्टंटमनचा मृत्यू झाला. गाडी उतारावरून उडते आणि उलटते, तेच. ज्या प्रकाराला ‘कॅसिनो रॉयल’मध्ये आम्ही टाळ्या पिटल्या, तोच.

ती बातमी वाचली त्या दिवशी माझी मागणी मलाच टोचू लागली. खरी उडी पाहिजे, खरी उडी पाहिजे, असे आम्ही पंख्याखाली बसून म्हणतो. ती मारणारा माणूस रोजंदारीवर असतो. आपल्याकडे तर अनेकदा विम्यावाचून. मग कॉम्प्युटरनेच मारू दे की उडी, असे भाच्याची आई म्हणते, आणि तिला उत्तर देणे सोपे नाही. मी एवढेच म्हणतो की कॉम्प्युटरला १९७४ चे काम परत द्या. वजन, वेग, उताराचा पीळ यांचे गणित त्याने करावे, दहा हजार वेळा करावे, दोऱ्या कॅमेऱ्यातून पुसून टाकाव्यात, माणूस पडला तर जाळ्यात पडेल एवढे बघावे. ‘नो टाइम टू डाय’साठी इटलीतल्या मातेरा गावात मोटारसायकल घसरू नये म्हणून दगडी रस्त्यांवर कोकाकोला शिंपडला होता, त्याने रस्ता चिकट होतो. हजारो लिटर! असली अक्कल मला सगळ्यात आवडते.

आणि माणसाचे नाव राहू द्या. पूर्वी डुप्लिकेटची निदान पाठ त्याची स्वतःची असे. आता त्याच्या धडावर नटाचा चेहरा बेमालूम चिकटवता येतो, म्हणजे हाड मोडणार याचे आणि तोंड दिसणार त्याचे. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने शंभरीला टेकल्यावर २०२५ मध्ये जाहीर केले की २०२७ मध्ये येणाऱ्या चित्रपटांपासून स्टंटच्या आखणीला वेगळे पारितोषिक मिळेल. वेशभूषेला, केशभूषेला, आवाजाला कधीपासून आहे. पडणाऱ्या माणसाचा नंबर आता लागला.

नव्या बाँडपटासाठी भाच्याने आतापासून अट घातली आहे. चित्रीकरणाची एकही फीत आधी बघायची नाही, कुणी पाठवली तर न उघडता पुसायची. मला मान्य आहे. माझी अट त्याने कुरकुरत मान्य केली आहे: शेवटची नामावली संपेपर्यंत खुर्चीवरून उठायचे नाही. स्टंटवाल्यांची नावे पार खाली येतात. तोवर दिवे लागलेले असतात, लोक उभे राहून आडवे येतात आणि झाडूवाला पॉपकॉर्नचे पुडे गोळा करत आपल्या रांगेपर्यंत आलेला असतो.